घासलेले दात

आई गेल्यापासून शिंप्याची लेक दात घासायला तयारच होत नव्हती. तो रोज ब्रश घेऊन तिच्या मागे फिरायचा, गयावया करायचा. ती ओठ घट्ट मिटून बसायची.

आज मात्र ती उठली तीच पेस्टचा वास घेऊन. दात लख्ख होते.

"शहाणी गं माझी! स्वतःच घासलेस?"

"आईने घासून दिले. रोज येणार म्हणाली."

पोर मनाची समजूत घालतेय, असं वाटून शिंप्याने तिला जवळ घेतलं.

"बरं. आता मी माझे घासतो."

"तुझेही झालेत की, बाबा. तू झोपेत छान तोंड उघडतोस, म्हणाली."

नकळत त्याने दातांवरून जीभ फिरवली. दात गुळगुळीत लागले. तोंडात पेस्टचा गारवा होता.