समुद्रिकेचा खटला

"माय लॉर्ड, आज तरी निकाल द्या," एकता म्हणाली.

दिवाणावरच्या माय लॉर्डनी लुंगी सारखी केली. खांद्यावर आईची काळी शाल, हातात खलाचा बत्ता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या मोतीरामांची नेमणूक लेकीनंच केली होती. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मानवी हक्कांवरची वादस्पर्धा होती आणि सरावाला न्यायाधीश हवा होता. अख्ख्या कांचघर मोहल्ल्यात बाबांइतका गंभीर चेहरा दुसरा नव्हता.

स्पर्धेतला खटला समुद्रिका नावाच्या देशाचा. देश नकाशात नव्हता, पण आडमुठा होता. एका मुलीला तो बाहेर जाऊच देत नव्हता. एकता त्या मुलीची वकील. देशाची वकिली आईकडे. ती मेथी निवडता निवडता युक्तिवाद करायची.

स्पर्धा होऊन गेली. एकता जिंकली. खटला मात्र घरी चालूच राहिला, कारण मध्येच नेदरलँड्सच्या विद्यापीठाचं प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. बाबांनी ते "रेकॉर्डवर घेतलं" आणि उशीखाली ठेवलं. तेव्हापासून नुसत्या तारखा. एकदा माय लॉर्डचा गुडघा दुखला, एकदा लाइट गेली. आज विद्यापीठाला उत्तर कळवायचा शेवटचा दिवस होता.

"तिकडं पोरीले पोळी कोण करून देईन?" समुद्रिकेनं आपली बाजू मांडली.

एकता उठली. "मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं कलम तेरा, माय लॉर्ड. प्रत्येकाला आपला देश सोडून जायचा हक्क आहे, आणि परत यायचाही. देश नाही म्हणाला तर मुलगी भांडेल. पण कोणी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, तेव्हा तिनं काय करावं?" शेवटी तिचा आवाज वकिलाचा राहिला नाही.

बाबांनी उशीखालून पत्र काढलं. घड्या झिजल्या होत्या. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं बाबांच्या बारीक अक्षरात हिंदी अर्थ लिहिलेले होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यांनी बत्ता आपटला. "पुढची तारीख..."

एकतानं डोळे मिटले.

"...सात जुलै. पुढच्या वर्षीची."

"अव्वा! इतक्या लांबची काहून?" आईच्या हातातली मेथी खाली पडली.

"तीस जूनले तिचा तिकडचा कोर्स संपते. सामान बांधाले हप्ता लागन का नाही?" माय लॉर्डनी शालीनं चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. "अर्जदारानं त्या दिवशी स्वतः हजर राहावं. वकील चालणार नाही."