हिरवा दिवा

मनाची अवस्था मोजणाऱ्या मनपट्टीचा दिवा हिरवा असला तर उजेडात दिसतही नाही. उदास मनाचा पिवळा मात्र समोरच्या भिंतीवर उमटतो. कुमुदिनीबाईंच्या मनगटावर तो कित्येक महिने पिवळाच होता, आणि पिवळा झाला की मानसोपचार केंद्रातून पुण्याला ऋचाला कळायचं, मग तिचा फोन यायचा. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून बाईंनी पट्टी स्वयंपाकाच्या शकूला बांधली.

"माझं सुख तुमच्या नावावर चढतंय हो," शकू हसायची आणि पट्टीसकट घरी जायची. मग फोनही येईनासे झाले. बाई एकट्याच जेवायच्या, नाहीतर ताट तसंच झाकून ठेवायच्या. ऋचाला खरं सांगायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं.

आज फोन वाजला. "आई, केंद्रवाले म्हणतात तू अगदी ठणठणीत आहेस. उपचारांच्या यादीतून नाव काढू ना तुझं?"

पोळी लाटता लाटता शकू थांबली. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नको काढूस," त्या म्हणाल्या. "पट्टी शकूच्या हातात असते, ऋचा. मला बरं वाटत नाही. मला डॉक्टरांकडे जायचंय."