भुऱ्याचा पट्टा

धीरजची बदली धडगावला झाली आणि चेतनाचे कान संध्याकाळच्या जीपकडे लागले. "सून फाटावर नवरानी वाट देखत उभी ऱ्हास का?" सासूबाईंनी एकदाच सुनावलं.

भुऱ्या कुत्र्याला मात्र कोण सांगणार? हॉर्न वाजला की तो सुसाट फाट्याकडे पळे. त्याला थांबवायला धीरजने रिमोटचं बटण दाबलं की हलका झटका देणारा गळपट्टा पाठवला, तोही चालेना. मग चेतना बाळाला कडेवर घेऊन, उसाचे ट्रॅक्टर चुकवत त्याच्यामागे जाई आणि जीपमधून भलतंच कोणी उतरलेलं बघून परत येई.

"पट्टाच खोटा निंघना. जाय माय, धरी लई ये त्याले," सासूबाई रोज म्हणत.

&nbsp;

रिमोटचा सेल चेतनाने पहिल्याच दिवशी काढून, बाळाच्या हाती लागू नये असं स्वतःला सांगत, वरच्या फळीवर हिंगाच्या डबीत ठेवला होता.