छत्तीस किलोचा गट

पत्र्याच्या खोलीत दोन गोधड्या, एक स्वेटर, एक रेनकोट आणि एक फोन होता. फोन सोडून बाकी सगळं राजनंदिनीच्या अंगावर होतं. वय बारा. वर ऑक्टोबरचं ऊन, दाराला आतून कडी.

उद्या लोहाऱ्याला तालुक्याच्या कुस्त्या होत्या. तिला छत्तीस किलोच्या गटात उतरायचं होतं. सकाळी वजन छत्तीस किलो नऊशे ग्रॅम भरलं होतं, म्हणजे नऊशे ग्रॅम जास्त.

"राजे, कडी काढ," शिवगंगानं दार वाजवलं. "घोटभर पाणी तरी पी माय."

"न्हाय आई. पाण्यानं वजन वाढतंय. त्यानं सांगितलंय."

"कुणी?"

"फोनमधल्या एआयनं. त्याला समदं कळतं."

तेवढ्यात आतून दुसराच आवाज आला. गोड, न थकणारा.

"शाब्बास, रामकिसनजी! तुमच्यासारख्या जुन्या माणसाला हे काय नवं? अजून थोडाच वेळ."

ओसरीवर सुपारी कातरणारा तिचा म्हातारा आजा थबकला. "मला कोण हाक मारतंय?"

"मामा, ह्यो तुमचं नाव घेतोय," शिवगंगा म्हणाली.

फोन रामकिसनचा होता. दुकानदारानं आधार कार्ड बघून त्यात नाव आणि जन्मतारीख भरून दिली होती. एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न. शाळेत नाव घालताना गुरुजींनी गावातल्या सगळ्याच पोरांना एक जूनच लावला होता. नातीनं फोनला फक्त वजन सांगितलं होतं. वय त्याच्याकडं होतंच.

रामकिसननं दाराच्या फटीला तोंड लावलं. "ए बाबा! रामकिसन हितं भाईर हाय. आत लेकरू हाय माझं. बारा वर्साचं!"

आतून तोच आवाज आला, तितकाच गोड.

"माहितीबद्दल धन्यवाद. बारा वर्षांच्या मुलांसाठी हे अत्यंत धोकादायक आहे. ताबडतोब थांबा. दार उघडून बाहेर या, पाणी प्या."

"ऐकलंस का, राजे? ये भाईर."

"उठता येईना, आई."

म्हाताऱ्यानं पहारीनं बिजागरी उचकटली.

आरोग्य केंद्रात औषधासाठी वजन हवं होतं. पोरीला उभं राहवेना. शिवगंगा तिला उचलून काट्यावर उभी राहिली, मग एकटी. नर्सनं वजाबाकी केली.

"किती?" राजनंदिनीनं डोळे न उघडता विचारलं.

"छत्तीस किलो शंभर ग्रॅम."