साईराजचा पत्रा

निशिगंधा रोह्याच्या दुकानात पत्र्यातून अक्षरं कापते. तो पत्रा भिंतीला लावून वरून रंग फवारला, की जाड, मधेमधे तुटलेली अक्षरं उमटतात. धाकटा दीर साईराज एकदा दुकानात आला.

"वैनी, एक पत्रा कापून दे. 'ही जागा साईराज भोईर यांची आहे.' अक्षर असं पायजे, की हायवेवरून बघितलं तरी लोक म्हनतील, ह्ये साईराजचंच."

तिने मन लावून कापला.

नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तीच अक्षरं लाल रंगात तिच्या वाटणीच्या जागेवर, कुंपणाच्या भिंतीवर दिसली.

"कागद माझ्या नावावर हायेत," साईराज म्हणाला आणि रंगाने माखलेला पत्रा त्याने तिच्याच हातात दिला. पत्रा धुवायला कापणाऱ्याकडेच येतो. "धुऊन ठेव. अजून लागंल."

तिने पत्रा पिशवीत घातला.

सोमवारी त्यांचं खांब हे गाव जागं झालं, तर गावदेवीच्या देवळावर, शाळेवर, सरपंचाच्या बंगल्यावर तीच लाल अक्षरं, साईराजचं नाव. लोक काठ्या घेऊनच त्याच्या दारात आले.

"मी नाय केलं. पत्रा वैनीकडं हाय, तिला इचारा."

"मी तर कालच धुऊन तुमच्या टेम्पोत ठेवला, भावजी."

कुणीतरी टेम्पोची ताडपत्री ओढली. पत्रा निघाला. त्यावरचा रंग अजून ओला होता.

निशिगंधाने हात पुढे केला. "द्या, परत धुऊन देते."