जिभेची आग

निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी हौसेनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पण बायको रोज पहिल्याच घासाला म्हणायची, "अहो, जिभेची आग होतेय." ही आपल्या हातच्या जेवणाला नाक मुरडतेय, असं वाटून त्यांचं डोकं फिरलं. काल त्यांनी भाजीत मुद्दाम चमचाभर तिखट जास्त घातलं. ती डोळे पुसत मुकाट्यानं जेवली.

आज डॉक्टरीणबाईंनी तिची लालभडक, गुळगुळीत जीभ पाहिली, रक्ताचा रिपोर्ट वाचला. "बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलंय. यांना पाणीसुद्धा झोंबत असेल! इंजेक्शनांनी बरं वाटेल. पण काका, तिखट बंद केलंत ना?"

त्यांची मान खाली गेली.

"केव्हाच," बायकोच म्हणाली. "माझ्यासाठी वेगळी भाजी करतात हो."