नकलेचं कलम

"पाया पडते तुमच्या, करारातलं नकलेच्या बंदीचं तेवढं कलम काढा," विद्यापीठाच्या ग्रंथपाल नाईकवडे मॅडम फोनवर विनवत होत्या. "आमची मेहजबीन अंध आहे. संगणक तिला तुमचे शोधनिबंध वाचून दाखवतो."

"संगणकाने वाचणं म्हणजे नक्कलच, मॅडम," डेटाबेस कंपनीचा माणूस म्हणाला. "पाचपर्यंत सही आली नाही, तर सगळ्यांचंच वाचन बंद होईल."

पाचला दहा मिनिटं होती. चारशे संशोधकांचं काम अडलं असतं. मॅडमनी सही केली.

वाचनकक्षात मेहजबीन वाट पाहत होती. प्रबंध द्यायला तीनच महिने उरले होते. "झालं का, मॅडम?"

"नाही गं. त्यांनी ऐकलं नाही, आणि मी सही करून बसले."

मेहजबीनने हेडफोन काढून ठेवले. मॅडम खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या आणि पडद्यावरचा पहिला निबंध मोठ्याने वाचू लागल्या.